कोमट पाण्यातली नळी

बातमी मला रामनगरला मिळाली. रामलीलेच्या दिवसांत मी दरवर्षी मावशीकडे जाते, तशी यंदाही गेले होते. दुपारी अंगणात बसून मावशीच्या नातीची वेणी घालत होते, तेवढ्यात आमच्या घाटावरचा नाववाला बचऊ दारात येऊन उभा राहिला. "दीदी, चलिए, माताजी बुला रही हैं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "अण्णा का बुखार उतरा?" तर म्हणाला, "आप चलिए तो सही." वेणी अर्धीच राहिली. पावसाळा सरला तरी गंगेला ओढ होती, नाव प्रवाहाबरोबर झरझर खाली आली. मणिकर्णिका जवळ आली तशी बचऊने नाव पार पलीकडच्या काठाकडे घेतली. एरवी तो असं कधी करत नाही. घाटावर तीन-चार चिता पेटलेल्या होत्या. मी सवयीने हात जोडले, कुणाच्याही चितेला जोडतो तसे... त्यांतली एक अण्णाची होती, हे मला घरी पोचल्यावर कळलं. सख्ख्या भावाला मी परक्यासारखा नमस्कार करून पुढे गेले. हे मला या जन्मी विसरता येणार नाही.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. आमच्या पंचगंगा घाटावर कार्तिकाचे, पितरांच्या नावाचे आकाशदिवे लागलेत. या पुरवणीच्या संपादकांनी भावाबद्दल लिहा म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्याने काय मिळवलं असं कुणी विचारलं, तर दाखवायला माझ्याजवळ काही नाही. एका मेलेल्या म्हशीची एक नळी काचेच्या भांड्यात, कोमट पाण्यात, आपली आपण हलत होती आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. सांगायचं आहे ते एवढंच. पण गल्लीत सध्या त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

त्याचं नाव वामन, मी त्याला अण्णा म्हणे. आमचं घराणं घाटावरच्या पुरोहितांचं. दक्षिणेतून येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरत, त्यांचे श्राद्ध-तर्पणाचे विधी वडील सांगत, आणि वडील गेल्यावर ते काम काकांकडे आलं. अण्णाने वेद म्हणावेत अशी सगळ्यांची इच्छा. त्याने अर्धे म्हटलेही, आणि मग विज्ञानाच्या वर्गात जाऊन बसला. पुढे कॉलेजात शरीरशास्त्राचे प्रयोग मुलांना करून दाखवण्याची नोकरी लागली. बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी धडधडत राहतं, हे तो घरी येऊन जेवताना सांगे आणि आई ताटावरून उठून जाई. काशीत मेलेल्याला मोक्ष मिळतो म्हणून लोक लांबून इथे मरायला येतात. आमचा अण्णा मेलेल्यात जीव शोधत बसलेला. तिरसट होता, पण माझ्यावर कधी चिडला नाही. त्याचं कारण माझा पाय असावा, आणि ते मला आवडत नसे.

माझ्या डाव्या पायाला इथे फीलपाँव म्हणतात, आपल्या मराठीत हत्तीपाय. लहानपणी थंडी वाजून ताप यायचा, पाय सुजायचा, उतरायचा. मग तो उतरायचा थांबला. माझं लग्न ठरल्यात जमा होतं तेव्हाची गोष्ट. मुलाकडची मंडळी इंदूरहून आली होती. मुलाची आत्या म्हणाली, "मुली, जरा पाणी घेऊन ये बघू." मी उठले, पाणी आणलं, आणि लुगड्याच्या काठाखालून तिला जे दिसायचं ते दिसलं. पाणी मात्र प्यायली. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी पाय दाबून पाहिला आणि हात धुतले. अंगातलं पाणी पायात साचलंय, आता असंच राहायचं, म्हणाले. अण्णा त्यांच्याशी भांडला. साचलंय म्हणजे कशात साचलंय, आणि चांगल्या पायातून ते वर कोण नेतं, असं त्याचं चाललेलं. डॉक्टर म्हणाले, माणूस चालतो, श्वास घेतो, त्याच्या रेट्याने ते आपोआप वर जातं. अण्णा घरी येईपर्यंत पुटपुटत होता, "गोदू, तूपण चालतेस, तूपण श्वास घेतेस. मग तुझं का जात नाही?"

तिथून ते खूळ सुरू झालं. रक्ताच्या नळ्या सगळ्यांना ठाऊक असतात. पण मांसात झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या निराळ्या नळ्या असतात, पातळ, पांढुरक्या, चरबीत शोधूनही न सापडणाऱ्या. अण्णा त्यांना लसवाहिन्या म्हणे, मी आपली नळी म्हणे. त्याला बघायचं होतं ते इतकंच, की ही नळी नुसती मोरी आहे की तिला स्वतःचं आकुंचन आहे. ती स्वतः पाणी ढकलत असेल तर तिला औषधाने जोर देता येईल, आणि मग गोदूचा पाय... हे वाक्य त्याने कधी पुरं केलं नाही. पण माणसाची नळी कापून कोण देणार? म्हशीच्या आतड्याच्या पडद्यात त्या चांगल्या जाड असतात. म्हणून तो कसाईखान्यात जाऊ लागला.

पंचगंगेवरच्या पुरोहिताचा मुलगा, आणि कसाईखाना. म्हैसच, गाय नव्हे, हे तो घसा फोडून सांगे, पण गल्लीने हवं ते ऐकलं. काकांचे यजमान तुटू लागले. लग्नामुंजीची बोलावणी बंद झाली. हळदीकुंकवाला आईच्या शेजारी कुणी बसेना. काकांनी स्वयंपाक वेगळा केला आणि मधलं दार लावून घेतलं. आईने अण्णाला एकच अट घातली, की आधी घाटावर बुडी मार, मगच उंबरा ओलांड. तो गरम पाण्याच्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आतड्याचा तुकडा आणी, थर्मास बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून मला देई, आणि पौषातल्या सकाळीसुद्धा ओल्या धोतराने कुडकुडत पायऱ्या चढून येई. कुणाला फायदा होवो न होवो, गंगेला मात्र तो पक्का यजमान मिळाला.

काम कसं चाले ते सांगते, कारण ते ठाऊक असलेलं दुसरं माणूस आता नाही. पसरट ताटलीत, निरनिराळी मिठं तोलून घातलेल्या कोमट पाण्याखाली तो आतड्याचा पडदा पसरे आणि बारीक कात्रीने चरबी सोडवत बसे. नळीला ओढ बसली की ती मेली, बोट लागलं की मेली, सुकली की मेली. सगळं जमलं तर बोटाएवढा तुकडा निघे. तिच्या आत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, त्यामुळे काचेची बारीक नळी तिच्या आतड्याकडच्याच टोकात बांधावी लागे. बांधायला विणकरांकडचा रेशमाचा एकेरी धागा. दुसरं टोक धाग्याने गवताच्या काडीला. काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदाला टेकलेलं, आणि तो कागद घड्याळाच्या यंत्रावर हळूहळू फिरणाऱ्या डब्याला गुंडाळलेला. नळी आखडली तर काडी ओढली जाऊन काजळीत पांढरी रेघ उमटणार. काचेच्या नळीला रबरी नळी आणि वर पाण्याची बाटली, तिच्या उंचीवर आतला दाब. माझं काम दोन प्रकारचं. भांड्यातलं पाणी अंगाइतकं कोमट ठेवायचं आणि सांगितलं की बाटली वरखाली करायची. बाहेरच्या खोलीत शेगडी टिकेना, धूर होई, म्हणून पाण्याचा मोठा चंबू आईच्या चुलीवर तापे. आईने ते कबूल केलं याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

कितीतरी तुकडे नुसतेच पडून राहिले. काडी सरळ रेघ ओढत राही आणि अण्णा काजळीचे कागद टराटरा फाडी. आणि मग एका दुपारी ती हलली. आधी वाटलं भांड्याला धक्का लागला. पण नळी एका टोकाला आवळली, ते आवळणं पुढे पुढे सरकत गेलं, काडी खाली आली, वर गेली. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. घाई नाही, गडबड नाही, विसरलेलं काम आठवावं तशी ती पुनःपुन्हा आवळत होती. मी आईला हाक मारली. ती दारातच थांबली, पदर नाकाला लावून.

"कुणाचं आहे ते?"

"म्हशीचं."

"ती तर मेली ना?"

"सकाळीच मेली, आई."

"मग हे कुणाचं हलतंय?"

अण्णा म्हणाला, "तेच तर मला बघायचं होतं." आई बराच वेळ बघत राहिली. जाताना मला म्हणाली, "पाण्यावर ध्यान ठेव, ठंडा नको होऊ देऊ."

पुढचे काही महिने आमच्या घरात सुख होतं. मी हा शब्द विचार करून वापरते आहे. रोज नाही, पण पुष्कळदा नळी हले. थंड पाण्यात मंद होई, कोमटात जोर धरी. बाटली जरा वर घेतली की भराभर आवळू लागे. अण्णाच्या प्राचार्यांनी खटपट करून त्याला कलकत्त्याला, मोठ्या साहेबांसमोर प्रयोग दाखवायला पाठवलं. तिथे सगळं आयतं होतं. विजेवर पाणी तापत होतं, डबा आपोआप फिरत होता, ताजं आतडं पायरीवर येऊन पडत होतं. अण्णाने नळी सोडवली, बांधली, आणि ती हलली नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. बघणारे एकेक करून उठून गेले. मोठे साहेब सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, बनारसमध्ये मेलेले हलत असतील, कलकत्त्यात आम्हाला ते भाग्य नाही. सगळे हसले. अण्णापण हसला म्हणे. ते त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता.

घरी परत आल्यावर पहिल्याच तुकड्याने काडी ओढली. त्याला वेड लागायचंच बाकी राहिलं. तीच म्हैस, तोच धागा, तीच मिठं, तोच मी, मग फरक कशात? दिवसभर भांड्याभोवती फिरत होता. शेवटी चुलीपाशी जाऊन उभा राहिला. आई चंबूत पाणी ओतत होती, तांब्याच्या कळशीतून. कॉलेजातून वाफेचं शुद्ध पाणी तो मोठ्या काचेच्या बरणीत भरून आणून ठेवायचा, तेच मिठांसाठी वापरायचं असा त्याचा कडक नियम होता. ती बरणी कोपऱ्यात रिकामी.

"आई, हे कुठलं पाणी?"

"कुठलं म्हणजे? गंगेचं. मी भरून आणते, फडक्याने गाळून निवळत ठेवते."

"आणि बरणीतलं?"

"ते मोरीत. तुझ्या कालेजच्या पाण्याला कोण कोण शिवलं असेल, ते माझ्या चुलीवर कसं चढवू? कसाईखान्याचं घरात घेतलं ना मी? मग पाणी तरी शुद्ध नको?"

पहिल्या दिवसापासून ती तेच करत होती. आपण काहीतरी लपवतोय असं तिच्या मनातही नव्हतं. या घरात गंगेखेरीज दुसरं पाणी चुलीवर चढत नाही, हे काय सांगायचं असतं? अण्णा तिथेच पाटावर बसला. मग उठून मिठांच्या बाटल्या काढल्या. त्यांत चुन्याचा एक क्षार असतो, तो आमच्या ओलसर खोलीत हवेतलं पाणी पिऊन पाणी पाणी झालेला. अण्णा क्षार म्हणून तोलत होता ते निम्मं पाणीच होतं, आणि ती बाटली त्याने कलकत्त्यालाही बरोबर नेली होती. उणा पडलेला चुना घरी गंगा पुरवत होती. दुसऱ्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, वाफेच्या पाण्यात निवळी करून बेताने घातली, आणि नळी हलली. गंगेचा थेंब नसताना हलली. मला वाटलं, झालं, संकट टळलं.

कसलं टळतंय. कलकत्त्याहून पुन्हा बोलावणं आलं नाही. एकदा फसलेल्या माणसाने "आता पानाचा चुना घालून पाहू" म्हटलं तर कोण ऐकणार? आणि इथे गोष्ट फुटली. मधलं दार एका सकाळी उघडलं आणि काका अंगणात येऊन उभे राहिले.

"वामन, खरं सांग. गंगाजलाने मांस जिवंत झालं ना?"

"जिवंत झालं नाही, काका. जिवंत होतंच. आणि ते गंगाजलाने नाही, त्यातल्या चुन्याने."

"ते असू दे. सभा बोलावतो. तू उभा राहून फक्त गंगाजल म्हण, बस. पुढचं आम्ही बघू. बहिष्कार एकदम खतम. गोदूसाठी सागर गावचं एक स्थळ आहे, बिजवर आहे, पायाचं चालवून घेईल."

"सभेत मी चुना म्हटलेलं चालेल का?"

काका खरोखर दुःखी झाले. "चुन्याला कोण नमस्कार करणार रे बाबा?"

मी दारामागे होते. खोटं कशाला बोलू, मला त्या घटकेला वाटलं, म्हणून टाक ना रे अण्णा. एक शब्द म्हणून टाक. तो म्हणाला नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि तो मधल्या बोटभर जागेवर उभा राहिला. काका गेले, दार पुन्हा लागलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सागरला फार उन्हाळा असतो," आणि खोलीत गेला.

त्यानंतर त्याने दाबाचं काम हातात घेतलं. इतके दिवस बाटली जरा वर घेतली की नळी जोमाने चाले, म्हणून आम्ही खूश असायचो. आता तो म्हणाला, घे आणखी वर. मी घेतली. नळी टम्म फुगली, भराभर आवळू लागली. आणखी वर. आवळणं अर्धंमुर्धं झालं, कडा नुसत्या थरथरल्या, आणि काडी थांबली. "घे खाली," तो म्हणाला. मी बाटली खाली घेतली. नळी सैल पडली, तिचा फुगवटा गेला. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. मी पाणी बदललं, चुना घातला, कोमट केलं... सरळ रेघ. दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा घेतला, त्याचंही तेच. थोडा वेळ ताणलेली नळी सावरे, पण फार वेळ ताणलेली पुन्हा चालू होत नसे.

मी विचारलं, "पाय पुष्कळ वर्षं सुजलेला असला की आतल्या नळ्या अशाच होतात का?"

"म्हशीचं माणसाला लागू पडतंच असं नाही, गोदू."

"लागू पडत नसेल तर एवढं कशाला केलंस?"

त्याने भांडं उचलून धुवायला घेतलं. ज्या प्रश्नासाठी त्याने जात, मान, काकांचं घर सगळं घालवलं त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं, आणि ते माझ्या हातातल्या बाटलीने दिलं होतं. मी खचले. तो खचला नाही असं मला तेव्हा वाटलं, कारण दुसऱ्या दिवसापासून तो रोज कसाईखान्यात जाऊ लागला. थकलेली नळी पुन्हा चालू करायचीच, हा एकच ध्यास. ती कधीही चालू झाली नाही. झोप नाही, जेवण नाही, हात घाईला आलेले. त्यातच एक दिवस आतडं सोडवताना सुरी अंगठ्याला लागली.

मी रामनगरला निघाले त्या सकाळी तो अंथरुणात बसून होता, अंगात ताप. बाही वर करून त्याने हात पुढे केला. अंगठ्यापासून मनगटावरून कोपराच्या आतल्या अंगाने एक बारीक लाल रेघ वर चढली होती. मला ती रेघ ठाऊक होती. तापात माझ्या पायावर तशीच येते. "पाहिलंस?" तो म्हणाला. "हीच ती. विष वर नेते आहे. चांगलं काम करते की नाही?" मी म्हटलं, "मी नाही जात." तो म्हणाला, "पोटीस बांधलंय, दोन दिवसांत उतरेल. मावशी वाट बघेल. जा." माझ्या पायावरची रेघ दरवेळी विरून जाते, म्हणून माझा विश्वास बसला. त्याचा स्वतःचा बसला होता का, हे आता कुणाला विचारू? काखेत गाठ आली, वात झाला, आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. आई म्हणते शेवटी तो सारखा पाणी कोमट आहे का विचारत होता.

तेराव्याला काकांनी मधलं दार उघडलं. गल्ली जेवायला आली. आणि तिथेच सुरू झालं: वामनने सिद्ध करून दाखवलं, गंगाजलाने मेलेलं मांस हलतं, साहेबाच्या शहरात हललं नाही, काशीत हललं. जिवंतपणी जे म्हणायला तो मोडला तरी वाकला नाही, ते त्याच्या पानावर बसून लोकांनी त्याच्या तोंडी घातलं. मी म्हटलं, तो चुना होता. एका गुरुजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि आणखी भात मागितला. त्याच्या नावाने आकाशदिवा लावायला आता घाटावर माणसांची कमी नाही. आई तो दिवा बघायलासुद्धा जात नाही. ती बाहेरच्या खोलीत जाऊन रिकाम्या बरणीजवळ बसते, आणि मी बोलावलं की येते.

एक गोष्ट लिहायची राहिली. अण्णा रोज सकाळी माझ्या पायाला पट्टी बांधायचा. बोटांपासून धरून घोट्यावरून वर गुडघ्यापर्यंत, प्रत्येक फेरा ओढून. ते औषध नव्हतं. आतून ढकलणारं कुणी उरलं नसेल तर बाहेरून दाबायला हवं, एवढाच त्यामागचा विचार. बाटलीच्या त्या प्रयोगानंतर तो पट्टी जास्तच घट्ट बांधू लागला होता. मला कळत होतं, मला कळतंय हे त्याला कळत होतं, आणि आम्ही दोघंही त्या वेळी बाजारभावाबद्दल बोलत असू. आईचे हात आता कापतात, तिच्याने होत नाही. मी स्वतः बांधते. पण आपल्याच पायाला वाकून बांधताना ताण धरता येत नाही. टोक दातांत धरून पाहिलं, खाटेच्या खुराला अडकवून पाहिलं. सकाळी बांधलेली पट्टी दुपारपर्यंत सैल होऊन घोट्यापाशी येऊन पडते, आणि पाय पुन्हा भरतो.